माझी स्वतंत्र चूल

१२ जून २००३, गुरुवार
नवी वही. आजपासून रोज लिहायचे. शुद्धलेखन तपासल्याशिवाय वही मिटायची नाही.
बारावी पास झालो. तिसऱ्या खेपेला, पण पास तो पास. धाकटी बहीण हर्षाली पहिल्याच खेपेला झाली. त्यामुळे आता दोघे शहापूरच्या कॉलेजात एकाच वर्गात. पाड्यावरचे लोक हसतात. हसोत. डोळखांबपासून एवढ्या लांब जायचे तर तिला सोबत हवीच.
बा म्हणाला, "फी माफ झाली तर दोघं जा. नाय तर खिशातनं एकाचंच जमंल, ते सुदामचं. पोरीला घरी बसावं लागंल." शिष्यवृत्तीचे सगळे काम मी अंगावर घेतले. घरात कागदपत्रांचे ज्ञान मलाच आहे.

१५ जून, रविवार
भयंकर शोध. शिष्यवृत्तीसाठी घराचे उत्पन्न मर्यादेत लागते. बाची वनखात्यातली मजुरी धरली तर जेमतेम बसते. पण पंढरीशेठच्या भातगिरणीवरचा माझा अर्धवेळ कामाचा पगार त्यात मिळवला की वर जाते! म्हणजे माझ्या कर्तबगारीपायी हर्षालीचे कॉलेज बुडणार. 
हर्षाली म्हणाली, "दादा, कॉलेजच्या हापिसातल्या बाईंना इचारू ना." मी नकार दिला. विचारले की माणूस अडाणी दिसतो.

१६ जून, पहाटे
सुचले!
पाड्यावरचा धाऊकाका भावाशी भांडला, त्याने वेगळी चूल मांडली आणि त्याला वेगळे रेशनकार्ड मिळाले. चूल वेगळी म्हणजे घर वेगळे. मी वेगळा झालो की बाचे उत्पन्न बाचे, माझे माझे. दोन्ही मर्यादेत. दोघांनाही शिष्यवृत्ती.
आयला सांगितले. आय म्हणाली, "वेगळं व्हायला आदी बायको लागते रे." दुर्लक्ष केले.

१८ जून, बुधवार
पडवीत तीन दगडांची चूल मांडली. सारवली (हर्षालीने). वेगळ्या कार्डाचा अर्ज दिला. अर्जदार स्वतःच्या पायावर उभा आहे हे दिसावे म्हणून पंढरीशेठचे पत्र जोडले. मजकूर मीच सांगितला: 'सुदाम हे आमच्याकडे पूर्णवेळ व्यवस्थापक आहेत.' शेठ सही करता करता हसले. "म्यानेजर? अरे, काल गिरणीचा पट्टा घसरला तवा तूच पयला पळालास ना!"
सुरक्षित अंतर राखणे हेही व्यवस्थापनच.
त्याच पत्राची एक प्रत कॉलेजच्या अर्जालाही लावली. कोणी मागितली नव्हती, पण कागद जास्त असलेला बरा.

२० जून, शुक्रवार
स्वतंत्र चुलीवर पहिला भात. खाली करपला, वर कच्चा. मधला बरा होता, तो खाल्ला. नंतर आयच्या चुलीवरची भाकरी नुसती चाखून पाहिली. तीन झाल्या.
निश्चय: उद्यापासून फक्त आपल्या चुलीवरचे.

२४ जून, मंगळवार
चूल पेटलेली नाही. कारणे: एक, लाकडे ओली. दोन, आयची तांबडी कोंबडी माझ्या चुलीतल्या राखेत अंड्यांवर बसली आहे. उठवायला गेलो तर हाताला चोच मारली. खुडूक कोंबडीला हलवायचे नाही, असा आयचा हुकूम.
तात्पुरते जेवण आयकडे. कागदावर मी वेगळाच आहे.

२ जुलै, बुधवार
तलाठी भाऊसाहेब चौकशीला आले. न कळवता! मी नेमका आयच्या चुलीपुढे, पुढ्यात नाचणीची भाकरी आणि सुकट.
"सुदामची चूल कुठं आहे?" भाऊसाहेबांनी विचारले. आयने पडवीकडे बोट दाखवले. ते वाकून बघायला गेले. कोंबडीने पिसे फुलवली. ते चटकन मागे झाले. मी हात न धुताच धावलो आणि ही तात्पुरती व्यवस्था असल्याचे सांगितले.
आय म्हणाली, "चूल वेगळी हाय, भाऊसाहेब. पोट आमच्यातच हाय."
भाऊसाहेब पोटभर हसले आणि त्यांनी लिहिले: एकत्र कुटुंब.
संपले. हर्षालीचे कॉलेज गेले. माझ्यामुळे.

३ जुलै, गुरुवार
सकाळी हर्षालीला सगळे सांगितले. वाटले रडेल. ती म्हणाली, "म्हंजी तुझ्या गिरणीच्या पगारानं आपण सावकार झालो, असं तुला वाटलं?" आणि पहिल्या एसटीने शहापूरला गेली. एकटी!
संध्याकाळी परत आली. ऑफिसातल्या बाईंना तिने सरळ विचारले होते. बाई म्हणाल्या, उत्पन्न फक्त आईवडिलांचे धरतात. भाऊ काय कमावतो याच्याशी संबंध नाही. तिची शिष्यवृत्ती मंजूर.
माझी नामंजूर. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला मिळत नाही. बाईंनी तिला पंढरीशेठचे पत्र दाखवले आणि विचारले, "हे जोडायला कोणी सांगितलं होतं याला?"
एक घर, एक बाप, एक उत्पन्न, आणि तरी दोन निकाल. नियमातच दोष असावा.

५ जुलै, शनिवार
पंढरीशेठकडे 'अर्धवेळ हमाल' असे नवे पत्र मागायला गेलो. स्वाभिमान बाजूला ठेवून. शेठ म्हणाले, "लिवून दिलंय तर आता पूर्णवेळच ये. म्यानेजर सायेब, बघा, पट्टा घसरलाय."

६ जुलै, रविवार
काळजी नाही. एकाची फी बा भरणारच होता, ती माझीच. बाला आठवण करून दिली. बा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पूर्णवेळ म्यानेजर झालास. चूल बी वेगळी मांडलीस. तुझी फी तू भर."
मी म्हणालो, तलाठ्यांनी वेगळे मानले नाही. बा म्हणाला, "मी मानतो ना."
आत हर्षाली ओढणी आणि आय पदर तोंडाला लावून हसत होत्या.

१५ जुलै, मंगळवार
हर्षाली कॉलेजला जाऊ लागली. सोबतीला खालच्या पाड्यावरची काजल आहे. मी यंदा बाहेरून परीक्षा देणार. हर्षाली वह्या आणेल. रोज पहाटे अभ्यास. (उद्यापासून.) सकाळी तिची एसटी गिरणीवरून गेली. तिने खिडकीतून हात केला. मी कोंड्याने माखलो होतो, तरी तिने ओळखले.
एकंदरीत योजना यशस्वी. तिचे कॉलेज वाचले ना!
आज पिल्ले निघाली. सगळी. संध्याकाळी कोंबडी त्यांना घेऊन अंगणात गेली आणि चूल मोकळी झाली. आयने विचारले, "आता पेटवतोस का रे?"
मी विचारले, "भाकरी झाली का?"