चवली सुखरूप आहे

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? इकडे आम्ही खुशाल, आणि बाबांचा नाण्यांचा डबाही खुशाल. पुढच्या आठवड्यात तो न्यायला येशील तेव्हा सगळी नाणी बघून घे, एकही कमी भरणार नाही. (परवापर्यंत एक कमी होतं. सांगतेच आहे. आधी खुर्चीत नीट बस.)

डब्याला ह्यांचा हात लागता कामा नये, असं तू बजावलं होतंस. तुझा राग मला कळतो. शिलाईचं मशीन डुगडुगतं म्हणून ह्यांनी एकदा बाबांचा बंदा रुपया मशीनच्या पायाखाली सरकवला आणि आपण वर्षभर तो शोधत बसलो. सापडला तेव्हा बाबा हसले, निदान कोणीतरी त्याला कामाला लावलं म्हणाले. तू हसला नाहीस. बाबांनी घरातल्या प्रत्येकाला एकेका नाण्याचं नाव दिलं होतं ना, तू बंदा रुपया, मी पावली, आणि ह्यांना लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ढब्बू. आकाराने दांडगा, मोलाने जेमतेम. बाबा म्हणायचे तेव्हा हेसुद्धा हसायचे. तू म्हणतोस तेव्हा आत जाऊन मशीन चालवत बसतात, खाली कापड नसलं तरी. (तुला वाटतं, फार कामसू आहेत.)

तर झालं असं, की तू येणार म्हणून ह्यांनी नाणी घासून लखलखीत करायचं मनावर घेतलं. दादा खूश होतील म्हणे. मी न्हाणीघरात होते, नाहीतर असला उद्योग होऊ दिला असता का? एका हातात डबा, दुसऱ्यात फडकं, मग चवली ठेवायची कुठे? तर तोंडात. शिंप्याचं तोंड म्हणजे त्याचा तिसरा हात; टाचण्या, बटणं, हुक सगळा संसार तिथेच. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि कोट कधी मिळेल म्हणून विचारू लागलं. ह्यांनी सवयीप्रमाणे "उद्या" म्हटलं. जन्मभर हेच उत्तर टाचण्या तोंडात धरून दिलंय, कधी एक टाचणी हलली नाही. पण टाचणी दातांत धरतात आणि चवली होती जिभेवर. ‘उद्या’ बाहेर आला आणि चवली आत गेली. (गिऱ्हाईक ‘बरं’ म्हणून निघून गेलं. त्याला काय, तो उद्या नेहमीचाच.)

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी विचारलं, काय गिळलंय. मी म्हटलं, चवली. ते म्हणाले, चवली म्हणजे? मग दोन आण्यांचं नाणं, चौकोनी, गोलसर कोपऱ्यांचं, असं सगळं समजावलं. भोकाचा पैसा गिळला असता तर निदान श्वास तरी घेता आला असता, हेही सांगितलं, तेव्हा त्यांनी मला बाहेर बसवलं. एक्स-रे खिडकीशी धरला तर चवली पोटात ऐटीत बसलेली. आपोआप बाहेर पडली तर ठीक, कोपरा कुठे अडकला तर पोट कापावं लागेल, असं म्हणाले. हे खाटेवर पडल्या पडल्या मला जवळ बोलावून काय म्हणाले माहीत आहे? "दादांना सांग, मी चोरली नाही. घासत होतो."

दादा, त्या क्षणी मला तुझा असा संताप आला! माणसाला पोट फाडतील याची भीती नाही आणि तुझी आहे. मी रडले ते नक्की कशासाठी, मलाच ठाऊक नाही.

मग ह्यांना घरी आणलं आणि सुरू झालं वाट बघणं. केळी खायला घाला, चालायला लावा, आणि रोज सकाळी तपासणी. (कशी, ते विचारू नकोस.) मी रोज डॉक्टरांना विचारायची, कधी बाहेर पडेल? ते म्हणायचे, उद्या. ते ऐकून ह्यांचा धीरच सुटला. म्हणाले, मी उद्या म्हणतो तेव्हा काम होणार नाही हे मला पक्कं ठाऊक असतं. पण परवा सकाळी आतून अशी आरोळी आली की शेजारीण धावत आली. चवली आली! हे ठणठणीत आहेत, पोट शाबूत आहे, आणि मी किती दिवसांनी पोटभर जेवले. आता सगळं बरं आहे रे दादा, सगळं बरं आहे.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
पावली

ता. क. चवली पुन्हा पुन्हा उकळून डब्यात ठेवली आहे. वास घेऊन बघू नकोस.

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे. येशील तेव्हा ह्यांना ढब्बू म्हणू नकोस. ते बाबांचं नाव होतं, बाबांबरोबर जाऊ दे. त्याबद्दल हवं तर मला चार शिव्या घाल.

ता. क. (हे अक्षर माझं, तिच्या नवऱ्याचं.) दादा, तिचं मनावर घेऊ नका, ढब्बू म्हटलं तरी चालेल. बाकीची नाणी तुम्ही आल्यावर तुमच्यासमोरच घासीन. तोंडाला फडकं बांधून.