मास्तर मागनं येत्यात

प्रिय सदू,

काल डोंगरावरून उतरलो. तुझं तेरावं उरकलं आणि तडक पुन्हा वाडीला गेलो होतो, तू शेवटचे तीन दिवस जिथे काढलेस ती पडवी बघायला. रडायला गेलो होतो, भांडण घेऊन परतलो. समोर असतास तर पहिली तुझी गचांडी धरली असती. नाहीस, म्हणून हे पत्र.

सदू, मला फसवलंस तू! तेही पाच वर्षं, आणि तोंडावर हसत!

दर दिवाळीच्या सुट्टीत आपण कऱ्हाडाहून निघायचो. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा कोळशाची भट्टी पाठीवर घेऊन धापा टाकणारी सर्व्हिस मोटार पाटणपर्यंत आणि पुढे पायी. लोक दिवसात वाडी गाठायचे, आपल्याला दोन लागायचे. ओढा आला, की बसायचं. हिरडा आला, की बसायचं. "मास्तर, घाईनं पोचतं ते गाठोडं. माणसानं बघत बघत जावं." हे तुझं वाक्य. तुझ्या कापड दुकानात गिऱ्हाईकाला लुगडं दाखवावं तसं तू मला एकेक झाड उलगडून दाखवायचास. शेकरूचं घरटं कुठलं, मुंग्या कुठून कुठे निघाल्यात, सगळं.

आणि मी ते खरं मानलं रे! चित्रकलेच्या तासाला पोरांना सांगत राहिलो, की घाई करणाऱ्याला झाड दिसत नाही. वाडीत धोंडीबाच्या पडवीत घोंगडीवर पडायचं, नाचणीची भाकरी खायची, संध्याकाळी म्हैस परत आली एवढीच दिवसाची बातमी. वाटायचं, जगावं कसं ते या कापडवाल्याला कळलंय.

परवा धोंडीबाला म्हणालो, "सदूसारखं सावकाश चालणं कुणाला जमायचं नाही." तो खाली बघून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. मग म्हणाला, "आवं मास्तर, सावकाश कुठलं? त्यास्नी दम लागायचा. छातीत कळ यायची. बसल्याबिगर पाऊल उचलायचं न्हाई."

पाच वर्षांपूर्वी मी ओढ्यावर अंघोळीला गेलो असताना तू अंगणात घेरी येऊन पडलास म्हणे. मिरजेच्या डॉक्टरनं डोंगर बंद सांगितला होता, हेही तेव्हा धोंडीबाला सांगितलंस. वर धोंडीबाला आणि त्याच्या बायकोला, पारूबाईला, पालीच्या खंडोबाचा बेलभंडारा उचलायला लावलास, की मास्तरांना यातलं काही कळू द्यायचं नाही! त्या माउलीनं पाच वर्षं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि ओठ शिवून घेतले. तुला पाणी कोमट द्यायची आणि मला ओढ्याचं. मी तिला चिडवायचो, "पारूबाई, सदू तुमचा जावई काय?" ती पदर तोंडाला लावायची. मला वाटायचं, हसते आहे.

सगळ्यांना ठाऊक, एक मी सोडून. मीच कसा रे परका?

मला कळलं असतं तर तुला डोंगर चढू दिला नसता, म्हणून लपवलंस ना? खरंच नसता दिला. पण मग गेल्या साली हिरड्याखाली मी जे बोललो ते तरी बोललो नसतो! तू तिसऱ्यांदा बसलास, म्हणालास, "मास्तर, ह्या मुंग्या बघ." मी भडकलो. "तुझ्याबरोबर यायचं तर पुढल्या जन्माची शिदोरी बांधावी लागेल," म्हणालो आणि निघून गेलो. वर पोचून जेवलोसुद्धा. तू दोन तासांनी आलास, घामानं भिजलेला, आणि हसलास. एक शब्द बोलला असतास, सदू. एकच!

यंदा सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी माझ्या दारात उभा राहिलास. "येतोस?" मी म्हणालो, "पेपर तपासायचेत." एकही पेपर नव्हता, हिरड्याखालचा राग अजून उतरला नव्हता. खोटं बोलण्यात मीही काही कमी नाही, हे कबूल करतो.

मग तू एकटाच गेलास आणि पडवीत आडवा झालास तो उठला नाहीस. कऱ्हाड तिथून एका दिवसावर. मी धोंडीबावर ओरडलो, "अरे, एक माणूस धाडता आला नाही?" म्हातारा रडायला लागला. "धाडणार व्हतो, मास्तर. त्यास्नी इचारलं. त्ये म्हनलं, भंडारा उचललाय न्हवं? जीव हाय तवर मास्तरास्नी सांगायचं न्हाई. देवाचा सबुद कसा मोडायचा?" त्यानं तो मोडला नाही. तुझा प्राण गेल्यावर मगच त्याचा पोरगा माझ्याकडे धावत सुटला. मी पोचेपर्यंत राख झाली होती. त्या भोळ्या माणसाला काय बोलू? बोलायचं ते तुलाच.

निघताना पारूबाई म्हणाली, "आल्या आल्या इचारलं मी, मास्तर न्हाई आलं? तर म्हनलं, मास्तर मागनं येत्यात. रोज दोन ताटं वाढाया लावायचं. मी तिन्ही दिस तुमचं ताट झाकून ठिवलं व्हतं."

मी रुसून घरी बसलोय, एवढं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? तिथेही माझी लाज राखलीस! तुझ्यावर धड चिडूही देत नाहीस.

तर ऐक. दुखऱ्या छातीची चाल मला तत्त्वज्ञान म्हणून विकलीस, त्याची माफी मिळणार नाही. पण पुढल्या दिवाळीला मी वाडीला जाईन. ओढा आला की बसेन, हिरडा आला की बसेन, मुंग्या दिसेनाशा होईपर्यंत बघेन. दोन दिवस लावीन. आणि पारूबाईला सांगेन, ताट वाढा. सदू खोटं बोलला नव्हता, मला जरा उशीर झाला.

तुला टाकून पुढे गेलेला,
वामन मास्तर