सोमवारचा डबा

प्रिय शेंडेफळास,

फोनवर बोललं की तुझा आवाज बसतो आणि दुसरा अख्खा दिवस तू अंथरुणात, म्हणून हे पत्र. लोळत, तुकड्यातुकड्यानं वाच. मध्येच ठेवून दिलंस तरी मला कळायचं नाही, म्हणजे रागही यायचा नाही. हल्ली मला राग फार येतो, आणि तो का येतो ते आधीच सांगून टाकते, कारण मनात ठेवलं की माझ्या तोंडावर दिसतं आणि ते तोंड तू बरेच दिवस बघते आहेस. मला तुझ्या त्या वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीचा हेवा वाटतो. हेवा हा शब्द जरा सोज्वळ झाला, माझा जळफळाट होतो. पन्नाशी उलटलेल्या बाईनं असलं काही लिहू नये, पण लिहिलं.

इकडचं सगळं बरं आहे. आपल्या कोंबडीच्या दुकानातला नवा फ्रीज आला, जुन्यापेक्षा जास्त घरघरतो. तू कोंबडी-अंडी सगळं सोडलंस हे कळल्यावर तुझ्या भावजींना वाईट वाटेल म्हणून मी दोन दिवस त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. शेवटी सांगितलं, तर सुरी पुसता पुसता म्हणाले, अगं, तिला झेपतंय ना, मग खाऊ दे की. आता तेच गिऱ्हाइकांना हसत हसत सांगतात, आमची मेव्हणी घासफूस खाते, कोंबड्यांनी तिचा फोटो लावलाय. त्यांना काहीसुद्धा लागलं नाही. लागलं ते मला. आठ वर्षं कोंबडीच्या सुपाचा डबा घेऊन मी येत होते, ते नव्हेत.

तुला तो ताप आला तेव्हाचं आठवतं का? ताप उतरला आणि थकवा मुक्कामाला राहिला. सगळे रिपोर्ट चांगले, आणि तुला दात घासून झाले की बसावं लागायचं. नोकरी सुटली, घरबसल्या थोडं टायपिंग उरलं. आत्या म्हणाली, लग्न नाही, जबाबदारी नाही, मग अंगात आळस भरणारच. मी तिच्याशी असं भांडले की ती अजून आमच्या घरचं पाणी पीत नाही. डॉक्टरांशी भांडले, तुझ्या घरमालकाशी भांडले. दर सोमवारी दुकान बंद, म्हणून सकाळीच पाय, माना, हाडं शिजत लावायची, डबा टॉवेलात गुंडाळायचा आणि बस पकडायची. तू ते सूप प्यायचीस, मी तुझे केस धुवायचे, चादर बदलायचे. बसमधून परत येताना मला फार बरं वाटायचं. अगदी खरं सांगायचं तर आठवड्यात तेवढंच बरं वाटायचं.

मग कोंबडी का सोडलीस ते तू सगळं समजावून सांगितलंस. तुझा दोष नाही, तू छानच सांगितलंस. सूप मंगळवारपर्यंत पुरतं, पुढे आठवडाभर तू बिस्किटांवर आणि पावावर काढतेस, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मांस आणायचं तर खाली उतरा, ताजं आणा, तेलकट भांडं घासा, त्यातच तुझा दिवस संपतो, आणि टायपिंगच्या पैशात ते बसतही नाही. मसूर, हरभरे, वाटाणे बरणीत महिनाभर गप्प बसतात. त्या वरच्या मैत्रिणीनं तुला रुंद तोंडाचा थर्मास आणून दिला. भिजवलेल्या हरभऱ्यांना एक उकळी काढायची, थर्मासात ओतायचे, झाकण लावायचं आणि आडवं व्हायचं. तू झोपून उठतेस तोवर ते शिजलेले असतात. भाजी चिरलेलीच, बर्फातली, कारण चिरताना हात गळतात. धान्याचं पोतं दोघींत मिळून. तू आनंदानं सांगत होतीस आणि मी मान डोलावत होते. माणसाच्या नशिबी काय काय असतं बघ, मला एका थर्मासचा मत्सर वाटत होता.

मी विचारलं, यानं थकवा गेला का? तू म्हणालीस, छे गं, थकवा आहे तेवढाच आहे, पण पोट रोज भरतं आणि माझं मी भरते. ते 'माझं मी' मला चावलं. गेला असता थकवा तर मी पेढे वाटले असते, निदान तसं मला वाटतं. थकवा तोच आणि ताई मात्र नको, हे मला गिळता आलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी तरीही डबा घेऊन आले. सवय, दुसरं काय. आणि हट्टही. दार उघडंच होतं. तू ओट्याशी उंच स्टुलावर भिंतीला टेकून बसली होतीस, आणि ती बया स्वयंपाकघरात फरशीवर सतरंजी टाकून सरळ आडवी, पोटावर परात, परातीत वाटाण्याच्या शेंगा. स्वयंपाक म्हणावा की दवाखाना, मला कळेना. तिलाही तोच आजार, हे तू मला आधी सांगितलं होतंस, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. ती म्हणाली, आज माझी बॅटरी लाल आहे, आणि तू इतकी हसलीस की तुला कढई खाली ठेवावी लागली. तेवढ्यात दोघींचं लक्ष माझ्याकडे गेलं. तू लगेच सरळ बसलीस, केस नीट केलेस. माझ्यासमोर तू कधीच फरशीवर आडवी होत नाहीस. मी आले की तू पलंगावर उशीला टेकून शहाण्या पेशंटसारखी बसतेस आणि मला बरं वाटावं म्हणून बरी दिसतेस. मी निरोगी आहे, हाच माझा गुन्हा झाला. त्या क्षणी मला, देवाशपथ, तिचा आजारसुद्धा हवासा वाटला.

डबा मी टेबलावर ठेवला, कोणी उघडला नाही, आणि निघताना मी तो उचलून परत आणला. तू पायऱ्यांपर्यंत आलीस, मी मागे वळून बघितलं नाही. घरी येऊन सूप टाकवेना, म्हणून तसंच गरम करून ओट्याशी उभ्याउभ्या प्यायले.

त्यात मीठ नव्हतं.

मला वाटलं विसरले असेन. मग आठवलं. ताप होता तेव्हा पहिल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले होते, मीठ बेतानं घाला. बेतानं म्हणाले, मी घातलंच नाही. आणि महिना संपल्यावर पुन्हा घालायला हवं हे ना त्यांनी सांगितलं, ना मला सुचलं. पेशंटचं म्हणून मी ते कधी चाखलंही नाही. आठ वर्षं तू ते गरम पाणी माझ्या तोंडाकडे बघत, छान झालंय ताई म्हणत प्यायलीस. बस चुकली तर मी येणार नाही म्हणून तू खिडकीत बसायचीस, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे. तू माझ्यासाठी बसायचीस गं, सुपासाठी नाही. कोण कोणाला सांभाळत होतं, याचा मी अजून हिशेब लावते आहे आणि तो दर वेळी तुझ्याच बाजूनं जातो. तुझ्या भावजींना सांगितलं तर त्यांनी उरलेला एक घोट पिऊन बघितलं आणि म्हणाले, पोरगी सोशीक आहे.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात तुझा निरोप आला, सोमवारी दोघंही जेवायला या, काही आणू नका. आठ वर्षांत पहिल्यांदा तू आम्हाला जेवायला बोलावलंस, आणि मी उलट कळवलं की यांचे गुडघे दुखतात. यांचे गुडघे ठणठणीत आहेत. दुखत होतं ते माझं. तू त्या एका जेवणासाठी आदले तीन दिवस पडून राहून ताकद साठवणार, हे मला ठाऊक आहे, आणि तरी मी नाही म्हटलं. बोलावणं अजून उभं असेल तर आम्ही येतो. तिलाही बोलाव. तिनं फरशीवर आडवं व्हावं, तूही हो, मी उठून चादर घालायला धावणार नाही. मी रिकाम्या हातांनी येईन. हे मला किती जड जाणार आहे ते तुला एकटीलाच कळेल, पाव किलो काहीतरी पर्समध्ये आढळलं तर परत पाठव. मला पाहुणीसारखी बसव आणि वाढ. आणि तुझे ते हरभरे अळणी झाले तर मी तोंडावर सांगेन. यापुढे तूही सांगत जा.

तुझीच,
अजून थोडी जळणारी
ताई