तीन ठोके

दिवस पहिला

आज रुजू झाले. केबिन एवढीशी, की पाय पसरले तर दार उघडत नाही आणि दार उघडलं तर पाय आखडावे लागतात. पंचवीस वर्षांच्या संसारात याहून जास्त जागा माझ्या वाट्याला कधी आली नव्हती, म्हणून खूश आहे. खिडकीबाहेर नुसता काळोख. मध्ये कुणाचं वाळत घातलेलं धुणं नाही.

हुद्दा दुसरी अधिकारी, काम दारांचं. जहाजाचे नऊ कप्पे आणि प्रत्येक दोन कप्प्यांमध्ये हवाबंद दार. कुठे भोक पडलं तर नव्वद सेकंदांत तो कप्पा बंद करायचा, म्हणजे बाकीचे जगतात. आत कुणी राहिलंच, तर भिंतीवर मास्क टांगलेले असतात. त्यातली हवा वीस मिनिटं पुरते. तेवढ्यात कप्तानसाहेबांच्या परवानगीने सुटकेची तजवीज करायची. हेच काम मागच्या जहाजावर केलं, पदकही मिळालं. ते पेटीच्या तळाशी मोज्यात खुपसलेलं आहे.

कारकुनाने यादी दाखवली. एक्केचाळीस नावं. मी बेचाळिसावी, पण माझे कागद कचेरीतून निघालेत, पोचले नाहीत, आणि कागदाशिवाय नाव चढवता येत नाही असं तो म्हणाला. आपण एका सूर्यापासून दुसऱ्याकडे निघालोय, कागद मागून येऊन गाठणार कसे, असं विचारलं तर म्हणाला, तो विभाग वेगळा. असो. जहाजावर आहे पण हिशेबात नाही. सासरी तरी वेगळं काय होतं.

दिवस चौथा

माणसं बरी आहेत. फिटरला सगळे पक्कड म्हणतात. कायम खिशात असते, जेवतानाही. त्याने विचारलं, पदक कसलं. वेळेवर दार लावल्याचं, म्हटलं. मग आमच्या मंडळींना दोन द्यायला हवीत, म्हणाला, मला उशीर झाला की ती अगदी वेळेवर लावते.

इथली सरावाची एक जुनी पद्धत त्यानेच सांगितली. एक माणूस आत बसतो, बाहेरून दार लागतं आणि सराव संपला की तो आतून तीन ठोके मारतो. म्हणजे सगळं ठीक, उघडा. मागच्या जहाजावर ही पद्धत नव्हती. चांगली वाटली.

दिवस नववा

आज सराव झाला. दार बावन्न सेकंदांत लावलं. कप्तानसाहेबांनी घड्याळ पाहून मान डोलावली. कारकुनाने डोकी मोजली, आत बसलेला पक्कड धरून बेचाळीस भरली, आणि त्याने माझ्याकडे आगंतुक पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं. दाराच्या रबरी पट्टीला तापल्यासारखा वास येत होता. मग आतून पक्कडने ठोके मारले. तीन.

त्यापुढचं मला इतरांनी सांगितलं. मी खाली बसले, दोन्ही हातांनी दाराचा दांडा धरला आणि कुणाला हात लावू देईना. अजून अकरा मिनिटं झाली नाहीत, एवढंच म्हणत होते. स्वयंपाकीणबाईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

डॉक्टरांनी विचारलं, अकरा मिनिटं कसली. माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

दिवस दहावा

आठवलं. दात घासताना. तोंडात फेस असताना.

मागच्या जहाजावर दाराआड माझा धाकटा दीर होता. नोकरीला मीच लावलं होतं त्याला. घरी चहा हवा असला की स्वयंपाकघराच्या दारावर तीन टिचक्या मारायचा आणि म्हणायचा, वहिनी, गिऱ्हाईक आलंय. तशाच तीन. थांबून परत तीन. अकरा मिनिटं. त्या जहाजावर मास्क होते, पण ते तपासून आणायला पाठवले होते.

चौकशी समितीने विचारलं, आतून आवाज आला का. मी नाही म्हटलं. त्यांनाही तेच हवं होतं, साहेबलोकांना जेवायला उशीर होत होता. पदक त्या ‘नाही’चं. आणि नाही नाही म्हणता म्हणता ते मलाही खरं वाटू लागलं. सासूबाई एकच वाक्य बोलल्या. दार लावायची घाई हिला पहिल्यापासूनच.

दिवस अकरावा

कप्तानसाहेब सभ्यपणे बोलले. खरा भोंगा वाजला आणि तुमचा हात थरथरला, तर सगळे जातील. आणखी एकदा असं झालं तर दारांची किल्ली काढून घेईन. बरोबरच आहे. मी त्यांच्या जागी असते तर कालच काढली असती.

डॉक्टरांचा उपाय: ते ठोके डोक्यातले आहेत. ऐकू आले की मोजायचे, तिसऱ्याला दोन्ही कान झाकायचे, मग वहीत लिहायचं. उघडायचं मात्र नाही.

दिवस तेरावा

पक्कड चहा घेऊन आला. सरावात आपण ठोके मारले म्हणून त्याला अपराधी वाटत होतं. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते:

“मॅडम, यापुढे मी आत असलो तर चार मारीन. तीन वाजले तर तुमचं डोकं, चार वाजले तर मी. डोक्याला उघडू नका, मला उघडा.”

पदक मिळाल्यापासून इतकं सरळ माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

दिवस सतरावा

मागच्या कोठारातून तीन ठोके. मोजले. कान झाकले. लिहिलं. परत तीन. शेवटी उघडलं. आत बटाट्याची पोती.

कप्तानसाहेबांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मीच म्हटलं, पुन्हा होणार नाही. ही शेवटची संधी, म्हणाले, आणि हात मागे घेतला. जेवणघरात मला दारवाली म्हणतात. पक्कड हसला नाही.

दिवस एकविसावा

भोंगा. खरा. मागच्या कोठाराला भोक — बाहेरून एखादा खडा आदळला असावा.

दार लावलं. एक्केचाळीस सेकंद. हात थरथरला नाही. लिहून ठेवते: हात थरथरला नाही.

दाराला टेकून बसले आहे. बाकीचे जेवणघरात. बोलायच्या नळीवरून कारकून म्हणाला, इथे चाळीस, तुम्ही धरून एक्केचाळीस, यादी पूर्ण. कप्तानसाहेब म्हणाले, शाबास.

चार मिनिटं. ठोके. एक, दोन, तीन. कान झाकले. आता लिहिते आहे. डोकं आहे, डोकंच.

सात मिनिटं. परत. तीन मोजले, झाकले. मी नळीवरून विचारलं, आत कुणी आहे का. कारकून म्हणाला, यादी पूर्ण आहे बाई, किती वेळा सांगू. मागे कुणीतरी हसलं.

अकरा. अकरा मिनिटं झाली. आता थांबायला हवं. तेव्हा थांबलं होतं.

बारा. थांबलं नाही.

चौदा. तीन. झाकले. जोर कमी झालाय. डोक्यातल्या आवाजाचा जोर कमी कसा होईल — लोखंडावर लोखंड —

पंधरा. शाबास म्हणाले मला. किल्ली माझ्याकडेच राहील.

सोळा. एक्केचाळीस. यादी एक्केचाळिसाची. पहिल्या दिवशीच तो म्हणाला होता, माझे कागद — सरावात बेचाळीस भरली होती —

यादीत मी नाहीच.

मला धरून एक्केचाळीस, म्हणजे —

नळीवर ओरडले. चहाला गेलेत की काय. कुणी घेत नाही.

सतरा. तिसऱ्यानंतर मी दर वेळी कान झाकले. पुढचं कधी ऐकलंच नाही.

आता झाकत नाही. एका हातात पेन, एका हातात किल्ली.

एक.

दोन. फार हळू.

तीन.

चा