संदेशच्या खात्यातले आबा

तळेगाव दाभाडे
९ नोव्हेंबर २०२५

चि. संदेश,

आशीर्वाद. फोनवर तू चालता चालता बोलतोस, म्हणून लिहिते आहे. आबांची गळ्याच्या ऑपरेशनची जखम सुकली; आवाज मात्र गेला तो गेलाच. पेज नको, भाकरी कुस्करून दे, असं पाटीवर लिहून भांडतात. तुझा विषय निघाला की लिहितात, "त्याला टाइम न्हाई, मला आवाज न्हाई." सूनबाईला, कोमलला, विचारलं आहे म्हणून सांग.

एक काम आहे. मी कान्हे गावातल्या ज्या संस्थेत काम करते, तिनं सगळं काम विंडोजवरून लिनक्स या फुकट प्रणालीवर न्यायचं ठरवलं. तू दिलेल्या लॅपटॉपवर विंडोज तसंच ठेवून मी शेजारी लिनक्स बसवलं. बसलं, पण वायफाय दिसेना. ऑफिसातला पवन फोनवर म्हणाला, "ताई, लॅपटॉप सुरू होतानाची ती तपासणी, सिक्युअर बूट, बंद करा, लगेच लागेल." लागलंही. मग विंडोज उघडायला गेले तर निळा पडदा: ही बाजू कुलूपबंद आहे, अठ्ठेचाळीस आकडी किल्ली द्या. घाबरून सगळं पूर्ववत करायला गेले. तिथं 'सुरक्षा चिप पुसायची का' असं विचारलं, आणि मी हो म्हटलं.

"अहो ताई, किल्ली सांभाळणाऱ्या चिपलाच घराबाहेर काढलंत की!" पवन हसला. मला हसू आलं नाही.

लॅपटॉप तू सुरू केलेला, म्हणून किल्ली तुझ्या इंटरनेटवरच्या खात्यात असणार. ती पाठव.

माझ्या फायली मी आधीच पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या. लॅपटॉपवर तुझ्या नावाचं जे वेगळं खातं आहे, त्याला हात लावला नाही, त्यातलं काही घेतलं नाही. दुसऱ्याचं चाळू नये, एवढंच तेव्हा मनात होतं. आता वाटतं, हा सरळपणा होता, की तुझं मी का सांभाळू, हा राग?

आबांचा व्हिडिओ तिथंच आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, आवाज होता तेव्हा, त्यांनी तुझ्याच खात्यात तुझ्यासाठी केलेला. मला म्हणाले, "तू भाईर थांब. ह्ये त्याचं न् माजं हाय." पाठवू का, असं तुला तेव्हाच विचारलं होतं. "निवांत बघतो, ताई." नंतरही विचारलं. दर वेळी निवांत.

किल्ली मात्र लवकर पाठव.

तुझी ताई


तळेगाव दाभाडे
१८ नोव्हेंबर २०२५

संदेश,

तुझा मेसेज मिळाला. "ताई, जुन्या लॅपटॉपच्या किल्ल्या मागेच साफ केल्या. फॉरमॅट मार, सगळं पुसून टाक. आता जरा निवांत आहे, आबांचा व्हिडिओ पाठवून दे."

माझं पत्र तू वाचलंस का? व्हिडिओ त्याच कुलपाआड आहे. पवनला पुन्हा विचारलं. या वेळी तो हसला नाही. "किल्ली नाही तर काहीच नाही, ताई." चूक माझी आहे, हे मी नाकारत नाही. पण तू ऑपरेशनला आला नाहीस, हे लिहायचं मी आजवर टाळत आले, ते आता टाळत नाही. त्यांना आत नेताना त्यांनी जिन्याकडे पाहिलं होतं.

परवा आबांना सहज म्हटलं, संदेशला चार ओळी लिहा ना. त्यांनी पाटीवर लिहिलं, "येकदा बोललोय." मग बाहीनं पुसून, "त्यानं आइकलं का?"

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यांनी पाटी पुन्हा पुढं केली. "काय म्हनला?"

"रविवारी व्हिडिओ कॉलवर तोच सांगेल," असं मी म्हणाले. तेव्हापासून ते खूश आहेत. न्हाव्याला घरी बोलवायला सांगितलंय. मी हे त्यांच्यासाठी केलं की तुला अडकवायला, ते मलाच नीट कळलेलं नाही. ते काय बोलले हे मला ठाऊक नाही, त्यामुळे तुला पढवताही येत नाही.

विंडोजची बाजू मी पुसणार नाही. जागा अडते, अडू दे.

रविवारी ते पडद्यासमोर बसतील आणि तुझ्याकडे बघतील. काय सांगायचं ते तू ठरव. या पत्राचं उत्तर मला नको, त्यांना दे.

ज्योत्स्ना