ताईच्या पत्त्यावरचा डबा

४ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नव्या कायद्याने आम्हा पाइपवाल्यांचं कंबरडं मोडलं. दुकानात तंबाखू मिळेना, बाहेरून मागवावी तर पार्सलं फोडून बघतात. बायको म्हणते, बरं झालं, पडद्यांचा वास जाईल. संध्याकाळी पाइप पुसायचा, हलक्या हाताने भरायचा, यातच माझा जीव रमतो, हे तिला कोण सांगणार! तंबाखूचा डबा माझ्या औषधाच्या दुकानात सापडला तर परवानाच जाईल. म्हणून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर मागवलाय. मुख्याध्यापिकेचं पार्सल कोण उघडतंय? रागावू नकोस. माया आहेच, ती आटू देऊ नये.

तुझा धाकटा

११ जून

चि. धुराड्यास आशीर्वाद. कान हाताशी असता तर आधी तो पिळला असता.

तुझं पत्र आणि डबा एकाच टपालात आले. शिपायाने प्रयोगशाळेचं सामान समजून डबा शिक्षकांच्या खोलीतच उघडला. खोलीभर मनुकांसारखा गोड वास! शाळेच्या आवारात तंबाखू म्हणजे आता गुन्हा. संस्थेने चौकशी लावली आहे, तोवर मी घरी. सोमवारी चौकशीला ये आणि एवढंच सांग, की मागवला मी, ताईला काही ठाऊक नव्हतं. निवृत्तीला वर्ष उरलंय रे. वाट बघते.

ताई

१५ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

निघालोच होतो. पण वकील म्हणाले, कबूल केलं की दुकानाला कुलूप. माझं अख्खं घर त्यावर चालतं. तुझं काय, वर्षभराने घरीच बसायचंय. आणि तुला सगळे ओळखतात, तुझ्यावर कोण संशय घेणार? जरा धीराने घे. कृपादृष्टी राहू द्यावी.

तुझा धाकटा

२० जून

चि. भावास,

चौकशीत संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं, डबा कोणाचा? तेवढ्यात दार वाजलं. मला वाटलं, आलास. शिपाई चहा घेऊन आला होता. मग म्हटलं, माझा. पुढे कोणी काही विचारलंच नाही. नोकरी गेली. काल बाजारात माझी एक जुनी विद्यार्थिनी दिसली. एरवी धावत येऊन वाकणारी, ती मुलीचा हात धरून पलीकडच्या फुटपाथवर गेली.

लहानपणी काच तू फोडायचास आणि मार मी खायचे. तेव्हा निदान तू रडायचास तरी.

ताई

२८ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझे उपकार जन्मभर फिटणार नाहीत. वाचून दोन दिवस घास उतरला नाही. एक विचारू? डब्याला नाव तर आता तुझं लागलंच आहे, आणि शाळेचाही प्रश्न उरला नाही. तर पुढचा डबा तुझ्या घरी मागवू का? नाही म्हणू नकोस. माया असू द्यावी.

तुझा धाकटा

३ जुलै

भावास,

मागव की. आला की टपालाने नाही पाठवणार, स्वतः घेऊन येईन. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असेल अशाच वेळी येईन, आणि दारातून तुला नावाने हाक मारीन. मायेचं काय ते तेव्हा समोरासमोर बोलू.

ताई