चर्च मीच बंद केलं

मंगळवार, ४ नोव्हेंबर
सकाळी चर्चच्या छतापर्यंत शिडी लावून चढले. छत पेलणाऱ्या लाकडी कैच्यांची टोकं भिंतीत शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. मुठीपर्यंत आत गेला, लाकूड पार कुजलंय. चुन्याचा गिलावा खरवडून कधीतरी सिमेंट थापलंय, ओल आतच कोंडली. छावणीतल्या आयरिश शिपायांसाठी बांधलेल्या हातभर जाड भिंती, आणि आपल्याच लोकांनी चकाचक दिसावं म्हणून...
फादरना सांगितलं, आजपासून बंद.
"क्रिसमस तक नहीं रुक सकते? आप तो अपनी हैं."
नाही म्हटलं. आर्किटेक्ट म्हणून बोलावलंय, पॅरिशमधली म्हणून नाही.

गुरु. ६
आईचा कॅन्सर आता लिव्हरमध्ये पसरलाय. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. फरीदाबादला माझ्याकडे आणलं. चर्चच्या कुलपाचं तिला बोलले नाही. लग्न होऊन वसईहून दिल्लीत आली तेव्हा हिंदी येत नव्हतं. त्या चर्चमध्ये जाऊन नुसती बसायची. बाबांनाही शेवटचं तिथूनच नेलं.

रवि. ९
रविवारची मिस्सा शाळेच्या हॉलमध्ये. बाकावर माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.
आई दुपारी शुद्धीवर होती. "माझी शेवटची मिस्सा आपल्या चर्चमध्येच ना गं?"
"हो आई."
दुसरं काय म्हणणार होते.

बुध. १२
ठेकेदाराला नेलं. लोखंडी टेकू देऊन वेदीपुढचा भाग तरी उघडता येईल? त्याने फरशीवर पहार आपटली. "मैडम, टेक किस पे दूँ? नीचे सब पोला है." जुनी थडगी आहेत खाली. आम्ही बोलत असतानाच वरून गिलाव्याचा पोपडा बाकावर पडला. परतताना मेट्रोत माझं स्टेशन निघून गेलं, कळलंच नाही.

शुक्र. १४
आई पहाटे गेली. डोळे सुधीरने मिटले. माझा हात पुढे होईना.
फादर येऊन प्रार्थना करून गेले. दारात म्हणाले, "आप लिखकर दे दीजिए कि एक घंटे के लिए ठीक है. मैं खोल दूँगा."
सुधीर म्हणतो, "मिस्सा हॉलमध्ये ठेवू. आईंना आता काय कळणार?" नवरा म्हणून बरोबरच बोलतोय. पण हो मी म्हटलं होतं, त्याने नाही.
वसईहून मामा, मावश्या विमानात बसलेत. सगळे त्या कैच्यांखाली उभे राहतील, मुलंबाळं घेऊन. इतकी वर्षं उभं आहे, आणखी एक तास... हे दुसरं कोणी बोललं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.
विधी उद्या सकाळी. कुठे, ते अजून कुणालाच कळवलेलं नाही.